गेम जागेवरच आहे, आधी फोल्डर उघडा

काल रात्रीपर्यंत जिथे ‘प्ले’ लिहिलेलं होतं, तिथे आज ‘इन्स्टॉल’ दिसतंय? थांबा. ते बटण दाबू नका. ‘अनइन्स्टॉल’कडे तर वळूच नका. आणि कुणी “विंडोज उडालीय, फॉरमॅट मारून टाकू” म्हणत पुढे सरसावला, तर आधी त्याचा हात माउसवरून बाजूला करा.

गेम गेलेला नाही. बहुतेक वेळा तो कालच्याच ड्राइव्हवर, कालच्याच फोल्डरात, पूर्णच्या पूर्ण पडून असतो. गेलेली असते ती त्याची नोंद. लाँचरला ती सापडत नाही, म्हणून तो तोंड वर करून सांगतो की असा गेम तुमच्याकडे नाहीच, हवा असेल तर पहिल्यापासून उतरवून घ्या. आणि आपण निमूटपणे उतरवायला लागतो.

मला याचा राग येतो. विरारजवळच्या आमच्या आगाशीत दर पावसाळ्यात हा घोळ होतो. लाइट जाते, येते, पुन्हा जाते, आणि दुसऱ्या दिवशी शाळा-कॉलेजातली दोन-तीन पोरं पडलेल्या चेहऱ्याने दारात उभी. “काका, गेम गेला.” त्यातलं एक पोर तर रात्रीच डाउनलोड लावून आलेलं असतं. पैसे मोजून घेतलेली, घरातल्याच डिस्कवर असलेली वस्तू पुन्हा इंटरनेटवरून ओढायची, तीही रात्रभर जागून, लाइट टिकेल की नाही या धास्तीत. यातलं काहीही करायची गरज नसते.

किती ओढायचं, तो आकडाही पाहा. ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’साठी कंपनीच 150 जीबी जागा मोकळी ठेवायला सांगते. ‘बाल्डर्स गेट 3’चंही तेच, 150 जीबी. घरात 40 एमबीपीएसचं कनेक्शन असेल आणि ते पूर्ण वेगाने, एकदाही न तुटता चाललं, तरी तेवढ्याला सव्वाआठ तास लागतात. ज्यांच्याकडे वायफाय नाही, मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर ज्यांचं घर चालतं, त्यांनी दुसरं काहीही न करता फक्त हा एक गेम उतरवायचा म्हटलं तर 75 दिवस. अडीच महिने! आणि कशासाठी, तर काही केबींची एक फाइल बिघडली म्हणून.

ती फाइल कुठली, हे एकदा समजून घेतलं की अर्धी भीती जाते.

स्टीम, एपिक, युबिसॉफ्ट कनेक्ट, ईए ॲप, जीओजी गॅलेक्सी, बॅटल डॉट नेट हे सगळे लाँचर गेम विकतात, उतरवतात, अद्ययावत करतात आणि चालू करतात. पण लाँचर उघडला की तो तुमची सगळी डिस्क चाळत बसत नाही. तो फक्त आपल्या नोंदी वाचतो. ग्रंथालयात पुस्तक कपाटात जागच्या जागी असावं, पण खणातलं त्याचं कार्ड गहाळ व्हावं आणि ग्रंथपालाने ‘पुस्तक नाही’ म्हणून परत पाठवावं, नेमकं तसं.

स्टीमची पद्धत बघा. डिस्कवर ‘स्टीमॲप्स’ नावाचा फोल्डर असतो. त्याच्या आत ‘कॉमन’ फोल्डर, आणि खरा गेम त्यात. ‘कॉमन’च्या बाहेर, ‘स्टीमॲप्स’मध्येच, प्रत्येक गेमसाठी एक लहानशी फाइल असते. नाव ‘ॲपमॅनिफेस्ट’, पुढे गेमचा क्रमांक आणि शेवटी ‘एसीएफ’. ‘डोटा 2’चा क्रमांक 570, ‘काउंटर-स्ट्राइक’चा 730. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आत गेमचं नाव असतं, फोल्डरचं नाव असतं आणि ‘स्टेटफ्लॅग्ज’ नावाची एक ओळ असते. तिच्यासमोर 4 असेल तर गेम पूर्ण बसलेला आहे, असं स्टीम मानतं. याशिवाय ‘लायब्ररीफोल्डर्स’ नावाची आणखी एक फाइल, कुठल्या कुठल्या ड्राइव्हवर गेम ठेवले आहेत ते सांगणारी. यातली एक जरी फाइल फाटली की 150 जीबी डोळ्यांसमोर असून नाहीसे.

एपिकचं वेगळं. एपिकच्या नोंदी गेमशेजारी नसतात. त्या सी ड्राइव्हवर, ‘प्रोग्रामडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, ‘मॅनिफेस्ट्स’मध्ये असतात. प्रत्येक गेमची ‘आयटम’ या शेपटाची एक फाइल.

हा फरक बारीक वाटेल, पण सगळी मेख इथेच आहे. आपल्याकडे बहुतेक जण गेम टाकतात डी ड्राइव्हवर आणि फॉरमॅट होतो सी ड्राइव्ह. डीवरचे गेम शाबूत राहतात. स्टीमच्या नोंदी गेमबरोबर डीवरच असल्याने त्याही वाचतात. नव्या विंडोजमध्ये स्टीम टाका, सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज’मध्ये जाऊन डी ड्राइव्ह दाखवा, सगळे गेम ओळीने हजर. एपिकच्या नोंदी मात्र सीबरोबर पुसल्या जातात. गेम तसाच, नोंद शून्य. माल एकीकडे आणि त्याची नोंद दुसरीकडे, ही रचनाच चुकीची आहे. नोंद मालाबरोबर राहिली पाहिजे. हे मी ठामपणे म्हणतो.

आता नोंदी बिघडतात कशाने?

आमच्याकडचं पहिलं कारण लाइट. स्टीम किंवा एपिक गेम अद्ययावत करत असताना नोंदीची फाइल पुन्हा लिहितात. विंडोजही लिहायचा मजकूर लगेच डिस्कवर उतरवत नाही, काही क्षण मेमरीत धरून ठेवते. नेमक्या त्या क्षणी लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते, कधी तर शून्य आकाराची होते. लाँचरला ती वाचता येत नाही आणि गेम यादीतून गायब होतो. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, गाड्या बंद पडल्या, लाइट गेली ती लवकर आलीच नाही, ते दिवस इथल्या कुणालाही सांगावे लागत नाहीत. तेवढा मोठा पूर दर वर्षी येत नाही, पण अर्ध्या मिनिटासाठी जाणारी लाइट दर आठवड्याला असते, आणि फाइल फाटायला तीच पुरते. ज्या घरात मुलाला पीसी घेऊन दिला आहे, त्या घरात छोटा यूपीएस चैन म्हणून मोजू नका. ग्राफिक कार्डावरचे थोडे पैसे वाचवा आणि यूपीएस घ्या. पीसी नीट बंद करण्याएवढी दहा मिनिटं मिळाली तरी बस्स.

दुसरं कारण समुद्र. आगाशीहून अर्नाळ्याचा किनारा किती लांब? खारी, दमट हवा लोखंडी ग्रिल खाते, तशी डिस्कच्या केबलची टोकंही खाते. केबल सैल झाली की डी ड्राइव्ह काही वेळा दिसतो, काही वेळा दिसत नाही. ज्या दिवशी दिसत नाही त्या दिवशी लाँचर म्हणतो, गेम नाही. इथे सॉफ्टवेअरशी झटापट करून काही हाती लागत नाही. पीसी बंद करा, प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा, केबल काढून कोरड्या कापडाने पुसून पुन्हा घट्ट बसवा. वर्षानुवर्षं वापरलेली केबल असेल तर बदला, ती काही महाग वस्तू नाही.

तिसरं, ड्राइव्हचं अक्षर. बाहेरची हार्ड डिस्क काल ‘ई’ होती, आज पेन ड्राइव्ह आधी जोडलेला, मग ती डिस्क, आणि तिला मिळालं ‘एफ’. लाँचर अजून ‘ई’वर शोधतोय. विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, त्या डिस्कवर उजवी क्लिक करून जुनं अक्षर परत द्या, लाँचर बंद करून पुन्हा उघडा. झालं. यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

आणि अँटिव्हायरस. तो कधीकधी गेमची मुख्य फाइलच संशयावरून उचलून कोंडून ठेवतो. विंडोज सिक्युरिटीतली ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ बघा. दुकानातून विकत घेतलेल्या गेमची फाइल तिथे सापडली तर परत आणता येते. कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणून दिलेल्या, कुलूप फोडलेल्या गेमची सापडली, तर ती तिथेच राहू द्या. त्या बाबतीत अँटिव्हायरस बरोबर असण्याची शक्यता जास्त.

आता गेम परत ओळखवायचा कसा. आधी एकच काम, आणि ते चुकवायचं नाही: गेमचा फोल्डर शोधा आणि त्यावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये आकार बघा. गेम 100 जीबीचा आणि फोल्डरही तेवढाच, म्हणजे सगळं जागेवर आहे. फोल्डर काही एमबींचा निघाला, तर मात्र गेम खरंच गेलाय आणि पुढची खटपट वाया. हे न बघता पुढे जाणारी माणसं सगळ्यात जास्त वेळ घालवतात.

मग सेव्ह. खेळाडूने महिनोन्‌महिने खेळून जिथवर मजल मारली आहे ती गेमच्या फोल्डरात असेलच असं नाही. पुष्कळदा ती ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘माय गेम्स’मध्ये असते, नाहीतर ‘सेव्ह्ड गेम्स’मध्ये, नाहीतर लपवलेल्या ‘ॲपडेटा’त. हे सगळे सी ड्राइव्हवर. गेम पुन्हा उतरवता येतो, सेव्ह पुन्हा उतरवता येत नाही. क्लाउडवर प्रत असेल तर उत्तम, पण लाँचर जेव्हा विचारतो की डिस्कवरची ठेवू की क्लाउडवरची, तेव्हा तारीख वाचल्याशिवाय उत्तर देऊ नका. घाईत दाबलेलं बटण जुनी प्रत नव्यावर चढवतं. तेव्हा आधी सेव्हचा फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि मगच पुढे चला.

स्टीमला फक्त ड्राइव्ह दाखवून काम झालं नाही, म्हणजे ‘ॲपमॅनिफेस्ट’ फाइलच नाही, तर गेमचा फोल्डर ‘कॉमन’मध्ये मूळ नावाने आहे ना ते बघा. ‘कॉपी’ असं शेपूट चिकटलं असेल तर काढून टाका, एका अक्षराचा फरकही चालत नाही. मग ‘इन्स्टॉल’ दाबा. हो, आता दाबायचं, पण ड्राइव्ह तोच निवडायचा. स्टीम आधी असलेल्या फाइली तपासतं, जे आहे ते धरतं आणि जे कमी आहे तेवढंच उतरवतं. सगळं शाबूत असेल तर तपासणीपुरताच वेळ जातो.

युबिसॉफ्ट कनेक्टमध्ये गेमच्या पानावर आधीच बसवलेला गेम दाखवण्याची सोय आहे. बॅटल डॉट नेटमध्ये ‘लोकेट’ आहे. जीओजी गॅलेक्सीला फोल्डर दाखवता येतो, आणि जीओजीचा मोठेपणा असा की तिथला गेम लाँचरशिवायही चालतो. इन्स्टॉलरची फाइल उतरवून घ्या, जुन्या हार्ड डिस्कवर ठेवा, दहा वर्षांनी काढा, कुणाची परवानगी लागत नाही. एकच गेम कुठून घ्यायचा हे ठरवायची वेळ आली, तर किंमत थोडी जास्त असली तरी मी तिथून घ्यायला सांगेन.

मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरचे गेम निराळे. त्यांच्या ‘विंडोजॲप्स’ फोल्डरला विंडोजने कुलूप घातलेलं असतं. परवानग्या बदलून त्यात हात घालू नका, होतं तेही बिघडतं. सेटिंग्जमध्ये जाऊन एक्सबॉक्स ॲप आणि ‘गेमिंग सर्व्हिसेस’ दुरुस्त करून बघा.

एपिकसाठी मात्र कसरत. गेमच्या फोल्डरचं नाव बदलायचं. मग लाँचरमध्ये त्याच जागी गेम नव्याने उतरवायला सुरुवात करायची. दोन-तीन टक्के झाले की थांबवायचं, लाँचर पूर्ण बंद करायचा. नवा तयार झालेला फोल्डर काढून जुन्याला त्याचं मूळ नाव परत द्यायचं. लाँचर उघडून डाउनलोड पुढे चालू करायचं. आता तो फाइली तपासतो, सगळं आहे हे त्याच्या लक्षात येतं आणि ‘लाँच’ उमटतं. गेम एका ड्राइव्हवरून दुसरीकडे न्यायचा तर खुद्द एपिकची मदत-माहितीही साधारण असाच मार्ग सांगते: प्रत काढा, नव्याने सुरू करा, थांबवा, प्रत आणून टाका.

ही काय सोय झाली? ‘फोर्टनाइट’ आणि ‘अनरियल इंजिन’ बनवणारी कंपनी. 2020 च्या मे महिन्यात तिने ‘जीटीए 5’ फुकट दिला, तेव्हा गर्दीने तिचं दुकान काही तास कोसळलं. एवढी ताकद असलेल्या कंपनीच्या ग्राहकांना वर्षानुवर्षं फोल्डरची नावं बदलत बसावं लागलं. आणि दुसरीकडे ‘हिरोइक’ नावाचा मुक्त लाँचर आहे, स्वयंसेवकांनी मोकळ्या वेळात लिहिलेला. त्यात एपिकचाच गेम फोल्डर दाखवून आत घेता येतो. म्हणजे काम अवघड नव्हतं. करायचं मनात नव्हतं, एवढंच मला यातून दिसतं. ज्यांच्या घरी गिगाबिटचं कनेक्शन आहे त्यांना फरक पडत नाही, म्हणून ज्यांच्याकडे ते नाही त्यांचा विचारच झाला नाही.

दुसरा राग जवळच्या माणसांवर. दुरुस्तीवाल्यांवर. फॉरमॅट हा त्यांचा सगळ्या दुखण्यांवरचा एकच काढा झाला आहे. पीसी हळू चालतोय, फॉरमॅट. आवाज येत नाही, फॉरमॅट. गेम दिसत नाही, फॉरमॅट. पीसी ताब्यात घेताना ‘यात काय जपायचं आहे?’ एवढा प्रश्न विचारायला काय जातं? काही जण विचारतात, आणि ते फोटो विचारतात, टॅलीचा डेटा विचारतात. गेमचे सेव्ह कुणी विचारत नाही. ते कामाचं नाही, असं गृहीत धरलेलं. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला पीसी जोडून घेतलेला असो की विरार स्टेशनसमोर दुरुस्तीला टाकलेला असो, गिऱ्हाइकाने कागदावर लिहून द्यावं: डी ड्राइव्हला हात लावायचा नाही, ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘ॲपडेटा’ची प्रत आधी काढायची. आणि त्याखाली दुकानदाराची सही घ्यावी.

ऑक्टोबर 2025 पासून हे आणखी महत्त्वाचं झालं. 14 तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा आधार काढून घेतला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 हा सुरक्षा-घटक लागतो, जुन्या मशीनमध्ये तो बहुधा नसतो, म्हणून घराघरांत पीसी बदलले जातायत आणि जुन्या डिस्का नव्या मशीनला जोडल्या जातायत. प्रत्येक जोडणीत हाच प्रसंग. त्याआधी 1 जानेवारी 2024 ला स्टीमने विंडोज 7 आणि 8 सोडून दिलं. त्या मशीनवर गेम चालण्यात अडचण नव्हती, लाँचरला तिथे राहायचं नव्हतं. खेळायच्या वस्तूपेक्षा तिचं दार उघडणारा मोठा झाला, हे आमच्या पिढीने ‘क्रिकेट 07’ खेळताना पाहिलं नव्हतं. तो फोल्डर डिस्कवर असला की क्लिक केलं आणि सामना सुरू. 2003 च्या सप्टेंबरमध्ये स्टीम आलं, 2004 मध्ये ‘हाफ-लाइफ 2’ने सीडी विकत घेऊनसुद्धा स्टीमचं खातं सक्तीचं केलं, आणि तिथून ही चाल पडली.

तिसरा राग, आणि हा सांगताना मला वाईट वाटतं, घरच्यांवर. “गेला ना गेम? बरं झालं, आता अभ्यास होईल.” हे वाक्य मी आगाशीत किती घरांत ऐकलंय. पहाटेच्या लोकलने फुलांच्या पाट्या घेऊन दादरला जाणाऱ्या बापाने पोराला पीसी घेऊन दिला असेल, तर त्या पैशाचा मान ठेवायला नको? गेमही विकत घेतलेला आहे. स्टीमवर 2015 पासून रुपयांत भाव दिसतो, यूपीआयने पैसे जातात, पावती येते. घरातली दुसरी कुठलीही विकतची वस्तू एका रात्रीत दिसेनाशी झाली असती तर हेच घर गावभर विचारत फिरलं असतं.

आणि त्या पोराने काय गमावलं, हेही बघा ना. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: ॲन एन्शियंट एपिक’ बनवला. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी ते मागे हटले नाहीत आणि 2020 मध्ये गेम बाहेर आला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेल्या एका मुलीची ती गोष्ट, आपल्या पुराणांतून उचललेली, राजस्थानी महाल-किल्ल्यांच्या धर्तीवर चितारलेली. तो मनापासून खेळणारं पोर वेळ फुकट घालवत नसतं. अशा पोरांतलं कुणीतरी उद्या असा गेम बनवणार असतं. त्याने लपवलेला फोल्डर उघडला, एसीएफ फाइल वाचली, ड्राइव्हचं अक्षर स्वतः बदललं, तर वर्गात कुणी न शिकवलेलं संगणकाचं एक प्रकरण त्याचं पक्कं होतं. आमच्या गल्लीतली एक मुलगी हे सगळं शिकली आणि आता चाळपेठेपर्यंतची पोरं तिला बोलावतात. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “आकार बघितलास?”

शेवटी पैशाच्या हक्काचं. नोंद परत मिळाली की गेम चालतो, हे अजून खरं आहे. पण एक जागा अशी आहे जिथे फोल्डर पूर्ण, नोंद बरोबर आणि तरी गेम बंद. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ 2014 मध्ये आला. 31 मार्च 2024 ला कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि पाठोपाठ लोकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेतला. डिस्कवर गेम आहे, पावती आहे, खेळता येत नाही. त्यावरून रॉस स्कॉट या अमेरिकन माणसाने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभारली, आणि युरोपात ‘विकलेले गेम असे बंद पाडू नका’ या मागणीच्या अर्जावर 2025 च्या जुलैपर्यंत 10 लाखांहून जास्त सह्या पडल्या. कॅलिफोर्नियाने कायदा केला की दुकानाने ‘विकत घ्या’ म्हणताना तुम्हाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगायला हवं. 1 जानेवारी 2025 पासून तो लागू झाला, आणि त्याआधीच स्टीमच्या खरेदीच्या पानावर तशी ओळ झळकली.

आपल्याकडे काय आहे? 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 सांगतं की संगणक-प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे, त्याने नाश-नुकसानीपासून बचाव म्हणून काढलेली प्रत हा कॉपीराइटचा भंग नाही. म्हणजे गेमचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवताना बिचकायचं कारण नाही. कुलूप फोडणं वेगळं, त्यासाठी 2012 मध्ये कलम 65 अ आलं, तिकडे जाऊ नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल वस्तूही घेतल्या आहेत. तेव्हा पैसे घेऊन गेम दिला नाही किंवा दिलेला विनाकारण काढून घेतला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक गेमच्या तक्रारीसाठीही आहे. फोन लावा. ‘गेमसाठी कुठे तक्रार करायची’ म्हणून लाजू नका. पावती जवळ ठेवा, लाँचर दाखवतो त्या चुकीच्या संदेशाचा फोटो काढा, फोल्डरच्या आकाराचाही काढा.

लाँचर बनवणाऱ्यांकडे माझ्या मागण्या दोनच. प्रत्येक लाँचरमध्ये, ‘इन्स्टॉल’च्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत ‘गेम आधीच आहे, फोल्डर दाखवतो’ हे बटण हवं. मेनूच्या पोटात तीन क्लिक आत लपवलेलं नको. आणि ते मराठीत हवं. स्टीम कितीतरी भाषांत दिसतं, त्यांत मराठी नाही. इंग्रजी संदेश अर्धवट समजल्याने ‘अनइन्स्टॉल’ दाबून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. ती हुशार होती, त्यांना फक्त त्यांच्या भाषेत कुणी विचारलं नव्हतं.

ते बटण येईपर्यंत काम आपलं आपण करायचं. या रविवारी अर्धा तास काढा. ‘स्टीमॲप्स’मधल्या सगळ्या एसीएफ फाइली, ‘प्रोग्रामडेटा’तला एपिकचा ‘मॅनिफेस्ट्स’ फोल्डर आणि सगळे सेव्ह, हे एका पेन ड्राइव्हवर उतरवा. एसीएफ आणि मॅनिफेस्ट मिळून पुष्कळदा एका फोटोएवढीही जागा घेत नाहीत. पेन ड्राइव्हवर तारीख लिहा आणि तो पीसीला लावून ठेवू नका, कपाटात ठेवा.

पीसी दुरुस्तीला न्यायची वेळ आलीच, तर पेन ड्राइव्ह घरीच राहू द्या.